हाळीचं शेपूट

आदिनाथच्या श्रेयाचं जावळ काढलं ते दोन हजार तेरा साल. जावळाला सोयगावाकडची सगळी भावकी मुकुंदवाडीला जमली होती. बोकड कापला, पंगती उठल्या, आणि तिसऱ्या दिवशी पाव्हणे पांगले तशी घरातली लेक रत्नमालाही निघून गेली. मोबाईलच्या टॉवरवर चढून काम करणारा सोमनाथ नावाचा पोरगा होता, जातीबाहेरचा. त्याच्याशी तिनं जालन्यात लग्न लावलं आणि भावाला, आदिनाथला, फोन करून तेवढं कळवलं.

बापानं, मुंजाबानं, कपाळ बडवलं नाही की शिवी दिली नाही. दारातल्या दगडावर बसून त्यानं दोन बिड्या संपवल्या आणि म्हणाला, "आजपासून ह्या घरात तिचं नाव कुणी काढायचं नाय."

बानाबाईनं मान हलवली. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. आता लेकीचंही घ्यायचं नाही म्हटल्यावर तोंडात घोळवायला नावंच फार उरली नाहीत.

पुढचं सगळं कळायचं तर आधी हाळीची गोष्ट सांगितली पाहिजे.

मुंजाबाच्या घराण्याची मेंढरं सोयगावच्या डोंगराकडं चरायची. हाळी म्हणजे मेंढरांना घालायची साद; धनगराच्या घरात ती बापाकडून लेकराला मिळते, जमिनीसारखी. प्रत्येक घराण्याची हाळी निराळी. चार कळप एका ओढ्यावर आले तरी ज्याची मेंढरं त्याच्या मागं जातात. मुंजाबाची हाळी "हेऽऽ हुर्रयोऽऽ" अशी होती. हाळीचं डोकं घराण्याचं आणि शेपूट हुकमाचं, असं तो म्हणायचा. शेपूट वर उचललं, आभाळाला लावलं, की त्याचा अर्थ "या, माझ्याकडं या." तेच शेपूट खाली पाडून तोडलं, की "लांडगा हाय, हाय तिथून मागं फिरा." फरक एवढाच. मेंढरांना तो कळायचा, कुत्र्याला कळायचा, आणि नऊ वर्षांच्या रत्नमालेला तर बापापेक्षा जास्त कळायचा. ती टेकडीवर उभी राहून शेपूट उचलायची तेव्हा मुंजाबा खालून नुसतं बघत राहायचा. "माझा गळा हिच्याकडं गेला," म्हणायचा.

बानाबाईनं मात्र कधी हाळी दिली नाही. लेकीला हाळी असते ती लग्न होईस्तोवर. सून दुसऱ्या कळपातनं आलेली. तिनं माहेरची हाळी दिली तर सासरची मेंढरं गोंधळतात, आणि सासरची हाळी तिच्या गळ्यात बसलेली नसते. म्हणून सुनेनं गप चालायचं, मागं राहिलेलं कोकरू काखेत घ्यायचं. बानाबाई पस्तीस-चाळीस वर्षं तशीच चालली.

पुढं आदिनाथ चिकलठाण्याच्या कारखान्यात लागला, मेंढरं विकली, आणि सगळं बिऱ्हाड मुकुंदवाडीत रेल्वेच्या रुळाजवळ आलं. चार शेळ्या तेवढ्या मागं राहिल्या. घर शेवटच्या ओळीतलं. पुढं मोकळी पडीक जागा, तिच्यापलीकडं रूळ. मुंजाबा त्या जागेत शेळ्या चारायचा. चार शेळ्यांना हाळी कशाला लागते? नुसतं "हुर्र" म्हटलं तरी येतात. त्यामुळं त्याच्या गळ्यातली हाळी तशीच पडून राहिली.

रत्नमाला गेल्यानंतर सहा वर्षांनी, दोन हजार एकोणीसच्या दिवाळीआधी एका दुपारी, बानाबाई घरात भाकरी थापत होती. बाहेरून हाळी आली. "हेऽऽ हुर्रयो—" आणि शेपूट खाली पडून तुटलं.

लांडग्याची हाळी. मुकुंदवाडीत कुठला आला लांडगा? पिठाच्या हातानं ती बाहेर धावली. मुंजाबा पडीक जागेत काठीला धरून उभा होता. पलीकडं रुळाजवळ हिरव्या लुगड्यातली एक बाई पाठ फिरवून चालली होती, हातात पिशवी. चालीवरनं आईनं लेक ओळखली. बानाबाईनं हात वर केला, तोंड उघडलं, पण त्या तोंडाला ओरडायची सवयच नव्हती. बाई रूळ ओलांडून दिसेनाशी झाली.

"आवं," बानाबाई म्हणाली, "केलं ते बरं केलं का?"

मुंजाबाची मान खाली होती. "व्हय," तो म्हणाला.

त्या दिवसापासून बानाबाई नवऱ्याशी लागेल तेवढंच बोलू लागली. जेवा. उठा. गोळी घ्या. दारी आलेल्या पोटच्या पोरीला यानं लांडगा म्हणून हाकललं आणि वर व्हय म्हणाला, हे तिच्या काळजात कुसळासारखं रुतून बसलं. ताट ठेवताना ती त्याच्याकडं बघतही नसे. त्यानंही कधी विचारलं नाही, हिचं काय बिनसलं म्हणून.

मग दोन हजार बावीसमध्ये मुंजाबाच्या घशात गाठ निघाली. घाटीच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, आवाजाची पेटी काढून टाकली, गळ्याला भोक राहिलं. तिथूनच श्वास, तिथूनच खोकला. डॉक्टर म्हणाले, "बाबा आता बोलणार नाहीत. पाटीवर लिहून दाखवू देत."

"त्यांला कुठं लिवता येतंय," बानाबाई म्हणाली.

"मग तुम्ही वाचा आणि त्यांना शिकवा."

"मलाबी नाय येत."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

श्रेयानं आपली जुनी पाटी आजोबाला आणून दिली. मुंजाबानं तिच्यावर एक मेंढरू काढलं, पुसलं, पुन्हा काढलं. अक्षराच्या वाट्याला तो गेला नाही. काही हवं असलं की पेला खाटेच्या पायावर आपटायचा. मग बानाबाईच्या मनानं घेतलं की दोघांतल्या एकाला तरी अक्षर यायला पाहिजे. राग होता, तरी म्हातारा मुका झाला हे तिला बघवत नव्हतं.

मागच्या गल्लीत रूपाबाई राहायच्या. मिशनच्या शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या, दर रविवारी पांढरी साडी नेसून चर्चला जाणाऱ्या. बानाबाई त्यांच्याकडं शेळीचं दूध घालायची. तिनं विचारलं आणि त्यांनी दुसऱ्याच दिवशी तिला अ काढायला बसवलं. तेव्हा बानाबाईची सत्तरी जवळ आली होती. दीड वर्षात ती बोट ठेवून ओळ वाचू लागली. पुस्तक एकच होतं, रूपाबाईंचं शास्त्र, म्हणजे बायबल, कारण त्यातली अक्षरं वाटाण्याएवढी होती आणि दोघींच्याही डोळ्यांना तेवढीच दिसायची.

"आमच्या मंडळीच्या पुढाऱ्याला आम्ही पाळक म्हणतो," रूपाबाईंनी पहिल्यांदा सांगितलं. "आणि प्रभू स्वतःला मेंढपाळ म्हणवतो. त्याची शंभर मेंढरं होती. एक हरवलं. नव्याण्णव रानात सोडून तो त्या एकाला शोधायला गेला."

"नव्याण्णव कुणाला सांगून गेला?"

"तसं लिहिलेलं नाही."

"मंग त्यो एकतर लई शाना, नायतर एकदम नवखा," बानाबाई म्हणाली. "कुत्रं असंल संगं. लिवणाऱ्यानं कुत्रं सोडलं."

रूपाबाई हसता हसता खोकल्या. चाळीस वर्षं त्या ही गोष्ट मुलांना शिकवत आल्या होत्या. कुत्र्याचं कुणी विचारलं नव्हतं.

दोन हजार चोवीसच्या दिवाळीनंतर रूपाबाईंच्या चर्चमध्ये भांडण लागलं. तरुण पोरं म्हणत होती, भक्तीत मोठ्यानं ओरडलं पाहिजे, टाळ्या पाहिजेत, माईक पाहिजे. जुनी माणसं म्हणत होती, देव काय बहिरा आहे? शेवटी पाळकांनी महिला मंडळाला काम लावलं: शास्त्रात ओरडणं कुठं कुठं आलंय ते शोधा आणि डिसेंबरात एका रविवारी सगळ्यांपुढं सांगा. ते काम रूपाबाईंच्या गळ्यात पडलं. त्या दुरंगी पेन्सिल घेऊन बसल्या. देवाला आवडलेलं ओरडणं लाल, न आवडलेलं निळं. बानाबाईनं वाचायचं, रूपाबाईंनी रंग लावायचा.

यरीहोची भिंत निघाली. लोक सहा दिवस गप शहराभोवती फिरले, सातव्या दिवशी सगळे एकदम ओरडले आणि भिंत पडली. लाल.

"सा दिवस तोंड दाबून ठिवल्यावर आवाजाला जोर येनारच की," बानाबाई म्हणाली.

खोट्या देवाचे पुजारी सकाळपासून दुपारपर्यंत बोंबलत होते आणि खरा संदेष्टा त्यांना टोमणे मारत होता: आणखी जोरानं ओरडा, तुमचा देव झोपला असेल, नाहीतर गावाला गेला असेल. निळं. या माणसाची जीभ आपल्या सासूसारखी आहे, असं बानाबाईला वाटलं.

एक बाई लेकरासाठी मंदिरात नुसते ओठ हलवत होती, आवाज नाही. पुजाऱ्याला वाटलं ही दारू पिऊन आलीये. तिला कोणताच रंग नाही, कारण ती ओरडलीच नाही. त्या ओळीवर बानाबाईचं बोट बराच वेळ राहिलं.

रस्त्याकडंचा आंधळा निघाला. प्रभू त्या वाटेनं चाललाय हे ऐकून तो ओरडायला लागला. लोक म्हणाले, गप बस. तो आणखी मोठ्यानं ओरडला. प्रभू थांबला. लाल, जाड लाल.

"त्याला दिसत नव्हतं म्हणून वरडला," बानाबाई म्हणाली. "दिसत असतं तर धावत गेला असता."

आणि मग, नोव्हेंबर संपता संपता, मंदिराच्या पायाची गोष्ट आली. लोक परमुलखातून सत्तर वर्षांनी घरी आले. जुनं मंदिर पडलेलं. नव्याचा पाया घातला तेव्हा तरुण लोक आनंदानं ओरडले आणि जुनं मंदिर डोळ्यांनी पाहिलेले म्हातारे हंबरडा फोडून रडले. बानाबाईनं पुढची ओळ एकेक अक्षर उचलत वाचली. आवाज लांबपर्यंत गेला, पण आनंदाचं ओरडणं कोणतं आणि रडणं कोणतं, ते लोकांना वेगळं ओळखू येईना.

रूपाबाईंची पेन्सिल हवेत राहिली. "आता याला कोणता रंग लावू? पाळक तर सांगत होते की त्यांच्या मूळ भाषेत लढाईच्या आरोळीला, धोक्याच्या शिंगाला आणि आनंदाच्या गजराला एकच शब्द आहे. मराठीत आपण वेगवेगळे केले. तिकडं एकच."

बानाबाईनं तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"काय झालं?"

"बाई, लांबून कळंना म्हनं."

"हो."

"ती लांब हुती. रुळाजवळ. म्याबी भिंतीच्या आत हुते."

रूपाबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. बानाबाईनं पुस्तक मिटलं, दुधाचा डबा तिथंच विसरली आणि घराकडं निघाली.

मुंजाबा खाटेवर बसला होता. सहा महिन्यांपूर्वी रोग पुन्हा उलटला होता. आता कापण्यासारखं काही उरलं नाही, घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी आदिनाथला सांगितलं होतं. गळ्याच्या भोकावर पातळ फडकं होतं, श्वासासरशी हलणारं. बानाबाई त्याच्यासमोर जमिनीवर बसली. पाच वर्षांत ती अशी बसली नव्हती.

"आवं. रत्नमाला आली हुती त्या दिवशी, तुमी कोन्ती हाळी दिली?"

अकरा वर्षांत ते नाव त्या घरात पहिल्यांदा निघालं. मुंजाबा तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं तळहात छातीशी धरला आणि हळूहळू वर नेला, डोक्याच्या वर, हात पुरेल तिथपर्यंत. ये.

"शेपूट वर गेलं नाय," बानाबाई म्हणाली. तिनं आपला हात वर नेला आणि मधूनच मांडीवर पाडला. "आसं पडलं. मला घरात आसं आलं ऐकू. तिलाबी आसंच आलं आसंल."

मुंजाबाला कळायला वेळ लागला. मग त्यानं बोट डोळ्याला लावलं आणि गालावरून खाली ओढलं. रडू आलं होतं. लेक दिसली, हाळी द्यायला गेला, आणि शेपटाच्या जागी हुंदका आला.

"मंग म्या इचारलं, बरं केलं का, तवा व्हय कामून म्हनले?"

त्यानं हातानंच सांगितलं. तूच विचारलंस ना, बोलावलं ते बरं केलं का. नाव काढायचं नाही हा हुकूम माझाच. तो मीच मोडला. म्हणून तू विचारतेस असं वाटलं. म्हणून व्हय. एवढं सगळं हातानं सांगता सांगता तो दमला. गळ्यातून शीळ वाजल्यासारखा श्वास यायला लागला. लेक पाठ फिरवून का गेली, याचा अर्थ त्यानं आपल्या परीनं लावला होता: बाप रडताना बघितला आणि तिला किळस आली. पाच वर्षं तो तेच धरून बसला होता.

बानाबाईनं त्याचं फडकं बदललं.

संध्याकाळी तिनं सुनेला, प्रेरणाला, विचारलं, "तिचा नंबर मिळंल का कुठं?"

प्रेरणा भाजी चिरता चिरता म्हणाली, "वन्संचा? हाय की माझ्याकडं. श्रेयाच्या वाढदिवसाला दरसाली मेसेज येतो."

"आन सांगितलं नाहीस?"

"तुमी कधी इचारलं, आत्या?"

फोन लागला तेव्हा पलीकडं मिक्सर चालला होता. तो बंद झाला.

"कोन?"

"मी."

पलीकडं ओट्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग, "माय?"

"तुज्या बानं त्या दिवशी तुला यायची हाळी दिली हुती."

"माय, मला हाळी शिकवू नको." रत्नमालेचा आवाज जाड झाला होता, आता तीही तिशी ओलांडलेली, एका पोरीची आई. "सगळं विसरंन, ते नाय विसरनार. शेपूट पडलं आन तुटलं. म्या लेकराचा फोटो दाखवायला घेऊन आले हुते पिशवीत. लांडगा म्हनून हाकललं मला."

"रडू आलं त्याला. रडू आलं म्हनून पडलं."

"बा रडतो व्हय? तूच सांग, बगितलास का कधी?"

"नाय बगितला."

"मंग?"

"मलाबी तेच ऐकू आलं हुतं, रत्ने. म्या पाच वर्सं त्याला नीट ताट वाढलं नाय. तुज्यापायी."

या शेवटच्या वाक्यानं काहीतरी हललं असावं, पण रत्नमाला बापाचीच लेक होती. लगेच वळणारी नव्हती.

"वैनीनं सांगितलं हुतं आजाराचं," ती म्हणाली. "पर हाकललेलं मानूस कोन्त्या तोंडानं येनार? गुरुवारी मी मनमाडला चाललेय, नणंदेचं डोहाळजेवण हाय. गाडी मुकुंदवाडीला मिनिटभर थांबती. म्या उतरनार नाय. त्याला म्हनावं, जी हाळी दिली हुती म्हनतोस ती पुन्यांदा दे."

"त्याला आवाज कुठं हाय आता?"

"मला म्हाईत हाय, माय," रत्नमाला म्हणाली, आणि फोन ठेवला.

गुरुवारी, पाच डिसेंबरला, मुंजाबानं धुतलेलं धोतर नेसलं, तांबडा पटका बांधला. गळ्याभोवती उपरणं गुंडाळलं. बानाबाईनं लेकीचा निरोप सांगितला होता, चला म्हणून मात्र कुणी म्हटलं नव्हतं. बानाबाई बाहेर निघाली तसा तो काठी घेऊन मागं आला. घरापासून स्टेशन दहा मिनिटांचं, त्यांना पाऊण तास लागला. तीनदा बसावं लागलं. तिसऱ्यांदा बसल्यावर बानाबाई म्हणाली, "इथंच थांबा, म्या जाते." त्यानं काठी आपटली आणि उठला.

फलाटावर पंधरा-वीस माणसं होती. गाडी आली, थांबली. डबे लांबच लांब, दारांत माणसं, खिडक्यांत माणसं. कोणत्या डब्यात ती आहे ते सांगितलं नव्हतं. बानाबाई या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत होती आणि तिला सगळेच चेहरे परके दिसत होते. मुंजाबानं तोंड उघडलं. गळ्याच्या भोकातून नुसता वारा आला आणि उपरणं हललं.

सुनेनं हाळी द्यायची नसते. बानाबाईनं दोन्ही हात तोंडाशी धरले.

"हेऽऽ हुर्रयो—"

पहिली हाळी फाटली. आणि जिथं वर जायचं तिथं घशात गोळा आला नि शेपूट खाली पडलं. तंतोतंत तसंच. बानाबाईला वाटलं, आपण लेकीला दुसऱ्यांदा हाकललं की काय.

बाकावर एक बाई झोपलेलं लेकरू घेऊन बसली होती. "आज्जी, हळू की. लेकरू उठंल."

"कुनाला बलावताय, आजी?" दुसरा एक जण म्हणाला. "फोन लावा ना. बोंबलताय कशाला?"

शिट्टी झाली. मुंजाबानं बानाबाईच्या दंडाला धरलं आणि तिला आपल्याकडं वळवलं. त्यानं तळहात छातीशी धरला. मान हलवली: हं, दे. तिनं हाळी सुरू केली. "हेऽऽ" तेव्हा त्याचा हात छातीपासून निघाला, "हुर्रऽऽ" तेव्हा हनुवटीला आला, आणि मग तो वर चालला, वर, पटक्याच्या वर, काठी खाली पडली तरी वर. बानाबाई त्या हाताकडं बघून ओरडत होती. हात जिथं जाईल तिथं आवाज न्यायचा, एवढंच तिला कळत होतं. "योऽऽऽऽ". शेपूट वर गेलं आणि तिथंच राहिलं. झोपलेलं लेकरू उठून रडायला लागलं.

गाडी हलली. एक डबा गेला, दुसरा गेला. मुंजाबाचा हात अजून वरच होता. पाचवा डबा समोरून सरकला तेव्हा त्याच्या दारातून हाळी आली.

डोकं मुंजाबाच्या घराण्याचं. आणि शेपूट सोयगावच्या टेकडीवरून उचलायची तसं, सरळ, स्वच्छ, आभाळाला लागलेलं. दारात रत्नमाला उभी होती, एका हातानं दांडा धरून. तिच्या पदराआडून सहा-सात वर्षांची एक पोरगी डोकावत होती. चेहरा नीट दिसायच्या आत डबा पुढं गेला. हाळी मात्र वळणापर्यंत येत राहिली. ये, ये, असं कोण कुणाला म्हणत होतं ते बानाबाईला सांगता आलं नसतं.

मुंजाबा फलाटावर खाली बसला. तो रडत होता, आणि बानाबाईनं ते या वेळी जवळून बघितलं.

तासाभरानं प्रेरणाच्या फोनवर निरोप आला. परतीला सोमवारी त्याच गाडीनं येते, मुकुंदवाडीला उतरते, चार दिवस राहते, बाला सांगा. प्रेरणानं वाचून दाखवायच्या आधी बानाबाईनं फोन हातात घेतला, तिला अक्षरं मोठी करायला लावली आणि निरोप बोट ठेवून स्वतः वाचला. मुंजाबानं तिला तो पुन्हा वाचायला लावला, संध्याकाळपर्यंत चार वेळा. आदिनाथ कामावरून आला. सगळं ऐकून त्यानं बापाकडं बघितलं आणि सोमवारची सुट्टी टाकली.

शुक्रवारी बानाबाई दुधाचा डबा आणायला रूपाबाईंकडं गेली. त्या कागद मांडून बसल्या होत्या. रविवारी त्यांना चर्चमध्ये उभं राहायचं होतं.

"त्या पायाच्या गोष्टीला अजून रंग लावला नाही मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा."

"कोरीच ऱ्हाऊ द्या," बानाबाई म्हणाली. "लांबून कळत नाय म्हनून त्यात लिवलंयच की."

शनिवारी मुंजाबा दिवसभर दाराकडं तोंड करून पडून होता. पाटी मागून घेऊन त्यानं एक मेंढरू काढलं, त्याच्या शेजारी एक कोकरू. बानाबाईनं त्याच्या हातात पेन्सिल धरून कोकराखाली र काढायला लावला. र वाकडा आला. दुसरा बरा आला.

रूपाबाईंनी रविवारी चर्चमध्ये काय सांगितलं ते बानाबाईला पुढं फार दिवसांनी कळलं. त्या दिवशी तिला विचारायला सवड नव्हती. रत्नमाला सोमवारच्या गाडीनं आली, ठरल्याप्रमाणं मुकुंदवाडीला उतरली, आणि पडीक जागेच्या कडेनं घराकडं चालत आली. या वेळी तिला कुणी हाळी दिली नाही.

मुंजाबा आदल्या दिवशी गेला होता; तिला फोनवर सांगायला कुणाचा धीर झाला नव्हता. रविवार, आठ डिसेंबर दोन हजार चोवीस, सकाळी नऊच्या सुमारास, मुकुंदवाडीच्या घरात.